वाचा आहे तोंवर

असाध्य रोग जडलेल्या मनुष्यास त्याच्या रोगाचें खरें नांव सांगावें किंवा नाहीं, हा प्रश्न आपल्या घरांतून वारंवार उत्पन्न होतो. परंतु वादाचा विषय म्हणून त्याची चर्चा क्वचितच होते. तो सुटतो तो दवाखान्याच्या व्हरांड्यांत, थोरला मुलगा आणि डॉक्टर यांच्या दोन मिनिटांच्या कुजबुजींत, आणि त्याचें उत्तर बहुधा एकच असतें: "त्यांना कांहीं सांगूं नका, ते खचतील." या उत्तराच्या मुळाशीं माया असते, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु सर्व रोगांना हें एकच माप लावलें जातें, आणि एक रोग असा आहे कीं ज्यांत हें माप मायेच्याच दृष्टीनें घातक ठरतें. त्याचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

या रोगास पाश्चात्य वैद्यकांत अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस असें लांबलचक नांव आहे. ए. एल. एस. या आद्याक्षरांनीं तो अधिक ओळखला जातो, आणि आपल्याकडील डॉक्टर त्यास बहुधा मोटर न्यूरॉन डिसीज म्हणतात. पॅरिस येथील विख्यात वैद्य शार्को यांनीं १८६९ सालीं त्याचें रूप प्रथम स्पष्ट केलें व १८७४ सालीं त्यास हें नांव दिलें. मेंदूकडून पाठीच्या कण्यांतून स्नायूंपर्यंत हालचालीची आज्ञा नेणाऱ्या ज्या मज्जापेशी, त्या एकामागून एक मरूं लागतात. आज्ञा पोंचत नाहीं म्हणून स्नायु वाळत जातो. आरंभ अगदीं क्षुल्लक असतो. चालतांना पायांतली चप्पल निसटते, सदऱ्याची गुंडी लागत नाहीं, कुलुपांत किल्ली फिरत नाहीं. कोणाची जीभच आधीं जड होते. पुढें हात, पाय, गिळणें, बोलणें आणि शेवटीं श्वास, असा क्रम कमीअधिक फरकानें चालतो. लक्षणें दिसूं लागल्यापासून बहुतेक रोगी दोन ते पांच वर्षें जगतात. थोडे दहा वर्षांपलीकडे जातात. युरोपांत दर लाख वस्तींत वर्षाला सुमारें दोघांस तो नव्यानें होतो.

डोळे फिरविणारे स्नायु मात्र बहुधा फार उशिरापर्यंत चालतात. ऐकूं येतें, दिसतें, स्पर्श कळतो. बुद्धि सर्वस्वी शाबूत राहते असें पूर्वीं समजत; आतां कळून आलें आहे कीं जवळजवळ निम्म्या रोग्यांच्या विचारशक्तींत वा वागणुकींत कांहीं ना कांहीं फरक पडतो, आणि दहांतील एखाद्यास खरा बुद्धिभ्रंशहि होतो. तरी पण बहुसंख्य रोग्यांना आपलें काय चाललें आहे तें नीट समजत असतें. घरांतला माणूस आंत जागा असतो आणि बाहेरचीं दारें एकेक करून बंद होत जातात.

समजा, नगर जिल्ह्याच्या राहुरी तालुक्यांत एका गांवीं एक निवृत्त शिक्षक आहेत. (जिल्ह्याचें नांव २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे, जुन्या संवयीनें आम्ही नगर लिहितों.) घरचे लोक त्यांना तात्या म्हणतात. पूजेची पळी हातांतून पडूं लागली, तेव्हां गांवच्या डॉक्टरांनीं जीवनसत्त्वांचीं इंजेक्शनें दिलीं. कोणी मानेच्या मणक्याचा दोष सांगितला, कोणी वातविकार म्हणून तेल चोळविलें. वर्ष गेलें. शेवटीं पुण्यास नेऊन स्नायूंची विजेची तपासणी झाली, आणि डॉक्टरांनीं थोरल्या मुलास बाजूला बोलावून रोगाचें नांव सांगितलें. तेव्हांपासून घरांत 'नसांची कमजोरी' हा शब्द रूढ झाला. कागद कपाटांत कुलुपाखालीं गेले. मंडळी शिर्डीस जाऊन आली. तात्या विचारीत, "डॉक्टर काय म्हणाले रे?" मुलगा सांगे, "सावकाश बरं वाटेल, तात्या." दिवाळीपर्यंत त्यांचें बोलणें फक्त पत्नीस समजूं लागलें, आणि संक्रांतीनंतर तिलाहि समजेना. मग श्वास अपुरा पडूं लागला. डॉक्टरांनीं विचारलें: गळ्यास छिद्र पाडून यंत्र लावावयाचें कीं नाहीं? दोघे मुलगे, मुलगी, जांवई एकमेकांकडे पाहतात. ज्याला विचारावयाचें तो समोरच आहे, ऐकत आहे, आणि हा प्रश्न तो आयुष्यांत प्रथमच ऐकत आहे.

हे तात्या कल्पित आहेत. पण वाचकांनीं आपल्या नातलगांचीं घरें आठवून पाहावीं. रोग दुसरा असेल, परंतु कुलुपाखालचे कागद तेच असतील.

लपविण्याच्या बाजूनें जें सांगण्यासारखें आहे तें टाकून देण्यासारखें मुळींच नाहीं. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानांत वैद्यास असा उपदेश आहे कीं, मृत्यूचीं चिन्हें दिसलीं तरी विचारल्यावांचून तीं बोलूं नयेत. आणि विचारलें तरी, जेथें त्या बोलण्यानें रोग्यास किंवा दुसऱ्या कोणास आघात पोंचेल तेथें गप्प राहावें. अप्रिय सत्य टाळावें हा मनुस्मृतींतील उपदेशहि सर्वांस ठाऊक आहे; मात्र मनूनें त्याच ठिकाणीं गोड असत्याचाहि निषेध केला आहे, हें कुजबुजणाऱ्यांच्या ध्यानांत राहत नाहीं. उलट टोकास जर्मन तत्त्ववेत्ता कांट उभा आहे. खुनी मनुष्य आपल्या मित्राचा पत्ता विचारीत दारीं आला तरी त्याच्याशींसुद्धां खोटें बोलूं नये, असें त्यानें १७९७ सालच्या एका निबंधांत प्रतिपादन केलें. आम्हांस कांटची कठोरता मानवत नाहीं. ज्याचे चार दिवस उरले आहेत आणि ज्यानें कांहीं विचारलेलें नाहीं, त्याच्या उशाशीं जाऊन सत्याचा डंका वाजविण्यांत कोणता धर्म आहे, हें आम्हांस समजत नाहीं. चरकाचा वैद्य अशाच रोग्यापुढें उभा आहे: मरण उंबऱ्यावर आलें आहे, करण्यासारखें कांहीं राहिलें नाहीं, आणि बोलून मिळावयाचें तें फक्त दुःखच.

आमच्या शिक्षकाची स्थिति तशी नाहीं. निदान झालें त्या दिवशीं त्यांच्यापुढें वर्ष-दोन वर्षें होतीं, आणि त्या काळांत त्यांच्यावांचून दुसऱ्या कोणीं ठरवूं नयेत अशा कित्येक गोष्टी ठरावयाच्या होत्या. इतर बहुतेक दुखण्यांत आज न सांगितलेलें उद्यां सांगतां येतें, आणि सांगितल्यावर रोगी रागावूं शकतो, रडूं शकतो, प्रश्न विचारूं शकतो. येथें उशीर झाला म्हणजे ऐकणारा उरतो, पण बोलणारा उरत नाहीं. 'ते खचतील' असें म्हणणाऱ्यांनीं याचाहि विचार करावा कीं तात्यांना त्यांचें दुखणें त्यांचे स्वतःचे हातपाय रोज सांगतच होते. घरच्यांनीं लपविलें तें दुखणें नव्हेच. त्याविषयीं बोलण्याची वाट तेवढी बंद झाली. इतकेंच नव्हे, तर मुलाचा चेहरा पाहून कित्येक बाप आपल्याला कांहीं कळलेलें नाहीं असें सोंग घेऊन उलट मुलाचेंच सांत्वन करीत बसतात. दोन्हीकडून चाललेलें हें नाटक फार करुण आहे, आणि त्यांत दिवस जातात.

यावर कोणी म्हणेल कीं कित्येकांना खरोखरच जाणून घ्यावयाचें नसतें. तें खरें आहे, आणि त्यांच्या कानांवर बळेंच कांहीं घालावें असें आमचें म्हणणें नाहीं. पण किती ऐकावयाचें हें ठरविणें ऐकणाऱ्याकडे आहे. "तात्या, डॉक्टरांनीं सर्व सांगितलें आहे, तुम्हांला किती सांगूं?" एवढें विचारण्यास फार धैर्य लागतें असें नाहीं, आणि "तुम्ही काय तें बघा" असें उत्तर आलें, तर तोहि त्यांचा निर्णय झाला.

आतां निर्णय कोणते, तें पाहूं. औषधांची गोष्ट दुर्दैवानें लवकर संपते. रिल्युझोल हें पहिलें औषध १९९५ सालीं अमेरिकेंत मान्य झालें; त्यानें आयुष्य सरासरीनें दोन-तीन महिने वाढतें. तें आपल्या देशांतहि तयार होतें. एडारावोन जपानांत २०१५ सालीं व अमेरिकेंत २०१७ सालीं मान्य झालें, परंतु त्याच्या गुणाविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहेत. आणखी एक औषध अमेरिकेंत २०२२ सालीं मान्य झालें आणि मोठ्या प्रयोगांत निष्फळ ठरल्यामुळें २०२४ सालीं बाजारांतून परत घेतलें गेलें. याहून अधिक लाभ साध्या दिसणाऱ्या साधनांचा होतो. नाकातोंडावर बसवावयाचा श्वासाचा मुखवटा घ्या. इंग्लंडांत २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, ज्यांची गिळण्या-बोलण्याची शक्ति फारशी बिघडली नव्हती अशा रोग्यांचें आयुष्य त्यानें सुमारें सात महिने वाढलें. गिळणें कठीण झालें म्हणजे पोटांत थेट नळी बसवितां येते. पण श्वास फार खालावण्यापूर्वींच ती बसविणें सुरक्षित असतें. शेवटीं गळ्यांतून श्वासनलिकेस छिद्र पाडून लावावयाचें यंत्र. त्यावर मनुष्य वर्षानुवर्षें जगूं शकतो, परंतु चोवीस तास कोणीतरी जवळ असावें लागतें. जपानांत हा मार्ग पुष्कळ रोगी पत्करतात, इंग्लंडांत फारच थोडे. रोग तोच, यंत्र तेंच, आणि दोन पुढारलेल्या देशांत निवाडा इतका निराळा. यावरून हा वैद्यकशास्त्राचा निवाडा नव्हे हें उघड होतें. कोणत्या स्थितींत जगणें आपल्याला हवें वाटेल, याचें ज्ञान डॉक्टरांच्या पुस्तकांत नाहीं, मुलांच्या प्रेमांतहि नाहीं.

ज्याचें जगणें त्याला विचारतां आलें नाहीं म्हणजे काय होतें, याचें उदाहरण मुंबईनें बेचाळीस वर्षें पाहिलें. के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ सालच्या अमानुष हल्ल्यानंतर २०१५ सालीं मरण येईपर्यंत तेथेंच अंथरुणास खिळून होत्या. त्यांच्या वतीनें दयामरण मागणारा अर्ज सर्वोच्च न्यायालयानें ७ मार्च २०११ रोजीं फेटाळला, आणि त्याच निकालांत, कृत्रिम उपचार थांबविण्याची वाट कांहीं अटींवर मोकळी केली. त्यांची प्रेमानें शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांचें म्हणणें न्यायालयानें ऐकलें; खुद्द अरुणाबाईंचें मत मात्र कोणासच ठाऊक असणें शक्य नव्हतें. पुढें ९ मार्च २०१८ रोजीं पांच न्यायाधीशांच्या पीठानें असें ठरविलें कीं प्रौढ व शुद्धीवर असलेल्या मनुष्यास आपल्यावर पुढें कोणते उपचार करूं नयेत हें आधींच लिहून ठेवतां येईल. त्याची रीत फार किचकट होती. ती २४ जानेवारी २०२३ रोजीं सुलभ केली गेली. आतां दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तें पत्र साक्षांकित करून घेतलें म्हणजे पुरतें. ए. एल. एस.च्या रोग्यास नियतीनें एवढी एक सवड दिलेली असते, जी अरुणाबाईंना नव्हती. सवड आहे हें त्याला कळूं देणें, इतकेंच घरच्यांच्या हातीं आहे.

स्टीफन हॉकिंग यांचें नांव येथें कोणीतरी काढीलच. आपले जयंत नारळीकर केंब्रिजमध्यें होते त्याच काळांत हॉकिंगहि तेथें विद्यार्थी होते, आणि २००१ च्या जानेवारींत टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील परिषदेसाठीं ते मुंबईस येऊन गेले, तेव्हां यंत्राच्या आवाजांत बोलणाऱ्या त्या मनुष्यास पाहण्यास लोक लोटले होते. एकविसाव्या वर्षीं रोग कळला, शहात्तराव्या वर्षीं ते वारले. हें उदाहरण घरोघर दिलासा म्हणून सांगतात. आम्हांस तें सांगणें धोक्याचें वाटतें, कारण इतकी मंद गति हजारांत एखाद्याच्याच वांट्यास येते. त्यांच्या चरित्रांतील दुसरी एक गोष्ट आम्हांस अधिक विचारणीय वाटते. १९८५ सालीं जिनीव्हा येथें न्यूमोनिया होऊन ते यंत्रावर होते, तेव्हां यंत्र बंद करावयाचें काय, असें डॉक्टरांनीं त्यांच्या पत्नी जेन यांस विचारलें. त्यांनीं साफ नकार दिला. गळ्यास छिद्र पाडावें लागलें, आवाज कायमचा गेला, आणि त्यानंतर ते बत्तीस वर्षांवर जगले. रोग्याच्या मताला मान द्यावा म्हटलें तर असें आयुष्य हातचें जाईल, असा कोणी यावरून आक्षेप घेईल. पण जेनबाईंचें उत्तर इतकें निःशंक आलें, तें बावीस वर्षें त्या घरांत रोगाचें नांव उघड होतें म्हणूनच, असें आम्हांस वाटतें. तात्यांच्या मुलांना तें 'हो' किंवा 'नाहीं' इतक्या निःशंकपणें म्हणतां आलें नसतें.

येथवर प्रश्न एका मनुष्याचा होता. परंतु दहा रोग्यांपैकीं सुमारें एकाच्या बाबतींत हा रोग घराण्यांतून उतरलेला असतो, आणि मग सत्य कोणाचें हाच वाद उभा राहतो. मूल जन्मल्यावर सटवाई रात्रीं येऊन त्याच्या कपाळावर कांहीं लिहून जाते, आणि तें कोणासहि वाचतां येत नाहीं, असें आपल्या आज्या सांगत. आतां त्या लिखाणांतील एखादी ओळ वाचतां येऊं लागली आहे. १९९३ सालीं एकविसाव्या गुणसूत्रावरील सॉड-१ या जनुकांतील दोष सांपडला. २०११ सालीं नवव्या गुणसूत्रावर, सहा अक्षरांचा एक तुकडा अनेकदां, कधीं शेंकडों वेळां पुन्हा पुन्हा आलेला आढळला. हा दुसरा दोष युरोपीय घराण्यांत सर्वांत अधिक, आशियांतील लोकांत त्या मानानें विरळ आहे. अशीं जनुकें आज चाळिसांहून अधिक ठाऊक आहेत. आईकडून वा बापाकडून असा दोष मुलांत उतरण्याचा संभव बहुधा दोनांत एक असतो.

तथापि सटवाईच्या लिखाणांत आणि यांत मोठें अंतर आहे. तोच दोष घेऊन जन्मलेल्या दोघां भावांपैकीं एक चाळिसाव्या वर्षीं पडतो आणि दुसरा म्हातारा होऊन निराळ्याच दुखण्यानें जातो, असें घडतें. दोष असणें म्हणजे रोग होणें नव्हे. जें ज्ञान निश्चित नाहीं आणि ज्यावर उपाय नाहीं, तें मिळवून करावयाचें काय, असें दहा वर्षांपूर्वीं कोणी विचारलें असतें तर आम्हांस उत्तर सुचलें नसतें. आज थोडें सुचतें. टोफर्सेन हें औषध २०२३ च्या एप्रिलांत अमेरिकेंत मान्य झालें. सॉड-१ च्या दोषामुळें पेशींत जें बिघडलेलें प्रथिन तयार होतें, त्याची आज्ञा घेऊन जाणारा निरोपच तें अडवितें. महिन्यागणिक तें कण्याच्या पोकळींत सुईनें घालावें लागतें. सर्व रोग्यांपैकीं शेंकडा दोघांनाच तें उपयोगी, अठ्ठावीस आठवड्यांच्या मुख्य प्रयोगांत त्याचा गुण स्पष्ट सिद्ध झाला नाहीं, आणि किंमत तर वर्षाला लाखाहून अधिक डॉलर! परंतु मज्जापेशी मरूं लागल्याची रक्तांतील खूण त्यानें उतरते असें दिसलें, आणि ज्यांना दोष आहे पण रोग नाहीं अशांना, ती खूण वाढूं लागतांच, आधींच औषध देऊन पाहण्याचा प्रयोग २०२१ पासून चालूं आहे. तो यशस्वी झाला तर 'जाणून काय करावयाचें' हा प्रश्न निदान कांहीं घराण्यांपुरता पालटेल.

तोंपर्यंत काय? आमच्या मतें येथें दोन गोष्टी वेगळ्या ठेविल्या पाहिजेत. घराण्यांत असा दोष आहे ही वार्ता वडिलांनीं प्रौढ मुलांपासून लपवूं नये. ती त्यांचीहि आहे. परंतु ती ऐकून स्वतःची तपासणी करावयाची कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें ठरवावें, आणि 'नको' म्हणणाऱ्यास कोणीं भित्रा म्हणूं नये. रोग झालेल्या मनुष्यास न सांगण्यानें त्याचें बोलणें जातें; निरोग्यास न तपासण्यानें तसें कांहीं जात नाहीं. अज्ञान मुलांची तपासणी आईबापांच्या समाधानासाठीं मुळींच करूं नये, कारण मोठेपणीं न जाणण्याचा त्यांचा हक्क ती हिरावून घेते. राहिला लग्नाचा प्रश्न. आपल्या समाजांत खरें भय तेंच असतें. कागद कुलुपाखालीं जातात ते पुष्कळदां तात्यांसाठीं नसून धाकट्या मुलाच्या सोयरिकीसाठीं जातात. ज्याच्याशीं संसार करावयाचा त्या एका व्यक्तीस, आपल्याला ठाऊक आहे तेवढें, लग्नापूर्वीं सांगावें. सासरच्या साऱ्या गोतावळ्यास तें सांगण्याचें कारण नाहीं, आणि मध्यस्थास तर नाहींच. यानें एखादें स्थळ जाईल. जाईल, हें आम्हांस ठाऊक आहे. तरी आमचें मत बदलत नाहीं.

आतां पुन्हा वाचेकडे वळूं, कारण ती गेल्यावरहि सर्व संपत नाहीं. नगर शहराच्या दक्षिणेस अरणगांवाजवळ मेहेराबाद आहे. तेथें मेहेरबाबांनीं १० जुलै १९२५ रोजीं मौन धरलें, तें ३१ जानेवारी १९६९ रोजीं देह ठेवीपर्यंत सोडलें नाहीं. १९२७ पासून १९५४ पर्यंत ते रोमन अक्षरांच्या फळ्यावर बोट फिरवून बोलत आणि जवळचे लोक तें वाचून दाखवीत. पुढें तोहि सोडून केवळ हातांच्या खुणा राहिल्या. त्यांच्या अध्यात्माविषयीं येथें आम्हांस कांहीं म्हणावयाचें नाहीं. परंतु चव्वेचाळीस वर्षें तोंडांतून शब्द न काढणाऱ्या या मनुष्यास कांहीं सांगावयाचें आहे, याविषयीं त्यांच्या भोंवतालच्यांस कधीं शंका आली नाहीं; ते वाचावयास शिकले. आमच्या तात्यांचें मौन व्रताचें नाहीं, लादलेलें आहे. फळा मात्र त्यांनाहि तोच लागतो, आणि बोट चालेनासें झालें तर डोळे पुरतात.

डोळ्यांच्या हालचालीवर चालणारीं संगणकयंत्रें आतां निघालीं आहेत. तीं परवडत नसतील तर एक पुठ्ठा घ्यावा. रोमन लिपींत सव्वीस अक्षरें ओळीनें वाचीत बसावें लागतें. आपल्या वर्णमालेची रचना या कामास कितीतरी सोयीची आहे. क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग अशा पांच ओळी, प्रत्येकींत पांच अक्षरें; वाचणाऱ्यानें आधीं ओळ विचारावी, पापणी मिटली कीं त्या ओळींतलें अक्षर विचारावें. उरलेलीं व्यंजनें आणि स्वर खालीं मांडावे. वरच्या ओळींत नेहमीं लागणारे शब्द सबंध लिहावे, आणि ते कोणते हें तात्यांना बोलतां येत आहे तोंवरच त्यांच्याकडून लिहून घ्यावें. घरच्यांस 'पाणी', 'कूस', 'पंखा' हे शब्द सुचतील. 'नको' आणि 'थांबा' हे त्यांनाच सुचवावे लागतील. जोडाक्षरांचा व ऱ्हस्वदीर्घाचा आग्रह धरूं नये. जन्मभर मुलांचें शुद्धलेखन तपासलेल्या शिक्षकास तें थोडें कठीण जाईल, पण 'पाणि' लिहिलें तरी तहान कळते.